टाळेबंदीच्या आठवणी कोणाला विचारायच्या?

लॉकडाऊनचा विषय निघाला की हल्ली सगळीकडे साधारण सारखीच गोष्ट ऐकायला मिळते. कुकरची शिट्टी काढून, तळाला मीठ घालून केलेला बिस्किटांचा केक. हात भरून येईपर्यंत फेटलेली डालगोना कॉफी. यूट्यूबवर बघून घरच्या घरी कापलेले केस. सकाळी नऊला दूरदर्शनवर रामायण, दुपारी पत्ते, रात्री मोबाइलवर लुडो. मग कोणीतरी म्हणतं, ‘काही म्हणा, कधी नव्हे ते सगळे एकत्र होतो.’ बाकीचे माना डोलावतात आणि गप्पा दुसरीकडे वळतात. अवघ्या पाच-सहा वर्षांत एवढ्या मोठ्या संकटाची ही घरगुती आवृत्ती तयार झाली, पक्की झाली आणि आता तीच मुलांच्या कानावर पडते आहे.

या आठवणी खोट्या नाहीत. पण त्या घरातल्या काही जणांच्या आहेत आणि सांगितल्या जातात अख्ख्या घराच्या म्हणून. त्या दिवसांत ज्यांनी घर चालवलं, ज्यांना दारातून परत जावं लागलं आणि जे दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, त्यांचं काही या गोष्टीत येत नाही. साथीचा इतिहास सरकारी आकड्यांत राहील, वर्तमानपत्रांच्या फायलींत राहील. घरात काय झालं ते मात्र घरानेच लिहून ठेवलं नाही तर कुठेच राहणार नाही, आणि त्यासाठी फार वेळ उरलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

छंदांना नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, त्याच मध्यरात्रीपासून थांबलेली मुंबईची लोकल, २४ तारखेला रात्री आठ वाजता झालेली एकवीस दिवसांची घोषणा आणि दुसऱ्या दिवशी उजाडलेला गुढीपाडवा. चार दिवसांत बाहेरचं सगळं जग हातातून सुटलं होतं. अशा वेळी ज्याच्या हाताला काही काम मिळालं त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ पहिले काही दिवस सकाळपासून बातम्या लावून बसायचे आणि रुग्णांचे आकडे वहीत उतरवून घ्यायचे. मग त्यांनी गच्चीत थर्माकोलच्या खोक्यांत माती भरून मेथी पेरली. मुलगा परदेशात, विमानं बंद, भेट कधी होईल याचा नेम नाही. मेथीला पानं फुटल्याचे फोटो ते रोज त्याला पाठवू लागले. त्या खोक्यांतून भाजी किती निघाली याला महत्त्व नव्हतं. सकाळी उठल्यावर जाऊन बघावं असं काहीतरी होतं, आणि बापलेकांना रोगाशिवाय बोलायला एक विषय होता.

उन्हाळा तोंडावर आला होता. विकतच्या पापडांना सरावलेल्या घरांनीही त्या वर्षी गच्चीवर जुन्या साड्या अंथरून कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस वाळत घातला. गहू किती दिवस भिजवायचे, चीक शिजला हे कसं ओळखायचं, हे विचारायला सुना पुन्हा सासवांकडे गेल्या आणि दूरच्या लेकींनी आयांना व्हिडिओ कॉल लावले. शिवणयंत्रांवरची खोळ निघाली आणि आधी घरच्यांसाठी, मग सोसायटीसाठी कापडी मास्क शिवले गेले. बंद पडलेल्या पेट्या दुरुस्त होईपर्यंत तशाच भाता मारून वाजवल्या गेल्या. माणसं भेदरलेली होती आणि त्या भीतीवर हातांनी इलाज शोधत होती. म्हणून त्या केकची आठवण काढणाऱ्यांना मी हसत नाही.

प्रश्न पुढचा आहे. छंदाला जागा लागते आणि फावला वेळ लागतो. हा फावला वेळ आपोआप निर्माण होत नाही, कोणीतरी तो मोकळा करून द्यावा लागतो. लॉकडाऊनमध्ये तो कोणी करून दिला?

घराला रंग द्यायचा म्हणून मध्यंतरी माळा उपसला, तेव्हा आईने जपून ठेवलेली जुनी कालनिर्णयं हाती लागली. तिच्या पिढीच्या बायका कॅलेंडरमध्ये तिथी-वार बघतात त्यापेक्षा जास्त हिशेब मांडतात. दुधाचा रतीब, पेपरवाल्याचे पैसे, इस्त्रीचे कपडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामाला येणाऱ्या मावशींचे खाडे. २०२० च्या मार्चचं पान तिसऱ्या आठवड्यापर्यंत नेहमीसारखं आहे. मग फुल्या सुरू होतात. ओळीने फुल्या, महिना संपेपर्यंत. एप्रिलच्या पानावर सुरुवातीला काही फुल्या आहेत, पुढे त्याही नाहीत. खाडा मांडायचा तर माणूस येण्याची शक्यता तरी असावी लागते. पेपरचा हिशेब मार्चअखेर तुटला आहे. दुधाच्या चौकटीत एकाच्या जागी दोन आले आहेत. आणि गॅस. एरवी आमच्याकडे सिलिंडर महिन्याच्या वर सहज जायचा. एप्रिल-मेच्या पानांवर ‘सिलिंडर लावला’ ही नोंद फार लवकर-लवकर येते.

त्या नोंदींमधलं कमी झालेलं अंतर मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगून गेलं. सगळी माणसं चोवीस तास घरात. दोन्ही वेळचा पूर्ण स्वयंपाक, मधल्या वेळचं खाणं, चहाच्या फेऱ्या. बाहेरून आलेली भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून, धुऊन पंख्याखाली पसरायची. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या. दाराच्या कड्या, बेलचं बटण, बाहेरून आणलेल्या किल्ल्या पुसायच्या. वर धुणं, भांडी, केर, फरशी. माझ्या फोनमध्ये त्या एप्रिलचे फोटो पुष्कळ आहेत. मुलीचा केक आहे, भावाने केलेली पाणीपुरी आहे, पत्त्यांचा रंगलेला डाव आहे. आई बहुतेक फोटोंत नाही. एकात आहे ती पाठमोरी, ओट्यापाशी. पाणीपुरी भावाने केली हे खरं. रवा कोणी मळून ठेवला, पुदिना कोणी निवडला आणि नंतर तेलकट कढई कोणी घासली, हे फोटोत दिसत नाही.

कॅलेंडर पुढे ठेवून मी तिला विचारलं, ‘तुला लॉकडाऊनमधलं काय आठवतं गं?’

‘कणीक,’ ती म्हणाली. ‘परात कधी रिकामी झालेली आठवत नाही मला.’

मग थोडं थांबून तिने सांगितलं, की दुपारी सगळे पत्ते खेळायला बसायचे तेव्हा ती अर्धा तास गच्चीवर एकटी जाऊन उभी राहायची. वाळवण बघायला जाते असं सांगायची. वाळवण उचलून झाल्यावरही जात राहिली. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. एकाच घरात, एवढे दिवस एकमेकांच्या इतक्या जवळ राहून माहीत नव्हतं. ‘सगळे एकत्र होतो’ या वाक्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

लॉकडाऊनने पुरुषांना घरकाम शिकवलं, हीसुद्धा त्या काळाची एक लाडकी आठवण आहे. ती पडताळून बघता येते. भारतीय माणूस दिवसाचे चोवीस तास कशात घालवतो याची देशव्यापी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या अगदी तोंडावर केली आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये स्त्रियांची मिनिटं २८९ झाली. पुरुषांची ८८. मधल्या पाच वर्षांत एवढी मोठी शाळा भरून गेली, आणि पुरुषांच्या वाट्याची मिनिटं होती त्याहून खाली आली. ज्यांनी त्या दिवसांत भांडी घासली त्यांना ती घासल्याचं नीट आठवतं, कारण ते नवीन होतं. ज्या रोजच घासत होत्या त्यांना सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. नवलाईची गोष्ट स्मरणात ठसते आणि नित्याचं काम निसटून जातं, असा स्मृतीचा स्वभावच आहे. म्हणून तर ती नुसत्या सांगोवांगीवर सोडून चालत नाही.

आता त्या फुल्यांच्या पलीकडे. ज्यांचे ते खाडे होते त्या मावशी आजही आमच्याकडे येतात. त्यांचं घर म्हणजे वस्तीतली पत्र्याची एक खोली. त्यांना मी हाच प्रश्न विचारला. ‘आमच्याकडं काय, वरून पत्रा तापायचा न् आत सगळी माणसं,’ त्या म्हणाल्या. ‘पोरांना दाराबाहेर सोडलं की गाडी यायची हाकलायला.’ नवऱ्याची रिक्षा उभी. संडास सार्वजनिक, त्यामुळे ‘घरीच थांबा’ या सूचनेचा अर्थ त्यांच्यासाठी सकाळच्या रांगेपाशीच संपत होता. त्यांचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांवरून सरासरी गुण दिले गेले. अकरावी फोनवर सुरू झाली, आणि फोन घरात एकच. मुलगा तो घेऊन बसला की मावशींना कुठल्या घरून कामावर बोलावणं आलं तर कळायची सोय नव्हती. कित्येक घरांनी मार्चचा पगार दिला, एप्रिलचा दिला आणि मग थांबवला. परत बोलावलं ते बऱ्याच महिन्यांनी, तेही सगळ्यांनी नाही.

या आठवणी आमच्या घराच्या आठवणींतून बाहेर का राहाव्यात? मावशी वर्षानुवर्षं आमच्या घरातल्या भांड्याभांड्याला ओळखतात. त्यांच्या न येण्यामुळेच आईच्या परातीला विश्रांती नव्हती. एकीच्या घरातली चूल मंदावली आणि दुसरीच्या घरातला सिलिंडर लवकर संपू लागला, ही एकाच घटनेची दोन टोकं आहेत. आपण एक टोक हातात धरून गोष्ट सांगतो.

सगळं अंतर एका घरापुरतं मोजता येत नाही, हेही खरं. धारावी जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती. तिथे १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला तेव्हा आठ-दहा लाख माणसांना एकमेकांपासून सुरक्षित अंतर ठेवायला जागाच नव्हती. तिथली साथ आटोक्यात आली ती दारोदार जाऊन केलेल्या तपासणीमुळे आणि शाळा, सभागृहांत उभ्या केलेल्या विलगीकरणामुळे. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोलकडच्या आपल्या गावांना जायला रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले. औरंगाबादजवळ करमाड इथे थकून रुळांवरच झोपले आणि ८ मे २०२० च्या पहाटे त्यांतले १६ जण मालगाडीखाली गेले. वाटेसाठी बांधून घेतलेल्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. ज्यांनी तो फोटो पाहिला त्यांना तो विसरता आलेला नाही. त्याच आठवड्यात आम्ही घरी काय खात होतो, हे माझ्या फोनमध्ये आहे. दोन्ही गोष्टी एकाच महाराष्ट्रात, एकाच आठवड्यात घडल्या आणि माझ्या मुलीला पुढे लॉकडाऊन समजून घ्यायचा असेल तर दोन्ही तिच्यासमोर असल्या पाहिजेत.

फोनमधले फोटो एप्रिल २०२१ मध्ये थांबतात. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने असंच आहे. दुसऱ्या लाटेत कोणी केक केले नाहीत. त्या महिन्यांतले फोटो काय असतील तर एचआरसीटीचा रिपोर्ट, ऑक्सिमीटरवरचा आकडा, रेमडेसिव्हिरच्या चिठ्ठ्या, कुठल्याशा ग्रुपवर फिरत आलेले बेडसाठीचे नंबर. ते आपण नंतर पुसून टाकले. आमच्या घरातले एक काका त्या लाटेत गेले. रुग्णवाहिकेत चढताना त्यांनी चष्मा विसरला म्हणून हाक मारली, तो आणून दिला आणि ते शेवटचं बघणं ठरलं. अंत्यसंस्काराला २० माणसांची मर्यादा होती, प्रत्यक्षात स्मशानात दोघांनाच थांबता आलं, तेही लांब. दहावा-तेरावा व्हिडिओ कॉलवर झाला. गुरुजी एका चौकोनात, काकू दुसऱ्या चौकोनात. काकूंजवळ जाऊन बसायला कोणी नव्हतं, कारण ज्या दोघी-तिघी बसू शकल्या असत्या त्या स्वतः विलगीकरणात होत्या. आमच्याकडे मृत्यूनंतरचे तेरा दिवस माणसाने भरलेले असतात. येणारा प्रत्येक जण गेलेल्याची एखादी आठवण सांगतो, रडवतो, हसवतो, आणि त्यातूनच गेलेल्या माणसाची गोष्ट घरात तयार होते. २०२१ मध्ये गेलेल्यांची ती गोष्ट तयारच झाली नाही. काकांबद्दल आज आमच्या घरात फार कोणी बोलत नाही. दुःख कमी आहे म्हणून नाही. ते बोलण्याची जी वेळ असते ती त्यांना मिळाली नाही म्हणून.

महाराष्ट्रात कोविडने झालेले नोंदलेले मृत्यू १ लाख ४८ हजारांवर आहेत. देशाचा अधिकृत आकडा ५ लाख ३० हजारांच्या पुढे आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० आणि २०२१ मधल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांच्या आसपासचा आहे आणि तो केंद्र सरकारला मान्य नाही. हा वाद तज्ज्ञांचा. पण एक गोष्ट सामान्य माणसालाही कळण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये द्यायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्रात नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा अर्जच जास्त आले. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला होता की हृदयविकार, यापेक्षा आपलं माणूस कशाने गेलं हे घराला माहीत होतं, आणि ज्यांच्याकडे रिपोर्टाचा कागद शिल्लक होता त्यांना ते सिद्ध करता आलं. ज्यांनी ‘नको त्या आठवणी’ म्हणून कागद फाडले त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करून मला त्रास होतो.

लॉकडाऊनमधल्या छंदांपैकी एक छंद मात्र असा होता, ज्याने माझे डोळे उघडले. माझ्या चुलत्यांनी त्या दिवसांत फोनवर फोन करून वंशावळ पुरी करायला घेतली. तसं पुष्कळ घरांतल्या वडीलधाऱ्यांनी केलं. गावचे भाऊबंद, भटजींकडच्या वह्या, सातबाऱ्यावरचे वारस, असं जुळवत ते सहा-सात पिढ्या मागे गेले. पणजोबांच्या पिढीशी आले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एकाच साली, कार्तिकाच्या आसपास, तीन सख्ख्या-चुलत भावंडांची नावं संपत होती. त्यातल्या दोघांच्या बायकांची नावंही वहीत नव्हती, फक्त ‘सपत्नीक’. चुलत्यांनी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं. उत्तर आलं, ‘मानमोडीत गेले असतील.’ बस, एवढंच. घरातली पाच माणसं गेली आणि शंभर वर्षांनी त्यांच्याबद्दल उरलं ते एवढं एक वाक्य, तेही अंदाजाने सांगितलेलं.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांबरोबर तो मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेत खेड्यापाड्यांत पसरला. वर पावसाने ओढ दिलेली, पिकं गेलेली. हिंदुस्थानात त्यात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं एकच दशक असं आहे, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्या साथीत ऐन उमेदीतली माणसं जास्त गेली आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. त्यांनीच आजाऱ्यांचं केलं आणि उपाशीही त्याच राहिल्या, म्हणून. एवढ्या मोठ्या मरणाची आपल्या घरांत काहीच आठवण नाही.

याउलट त्याआधीच्या प्लेगची आठवण आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तो ओळखला, इथपासून १० मार्च १८९७ ला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, इथपर्यंत सगळं शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्या साली केलेला साथरोगांचा कायदा महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. गावोगावी अजून सांगतात, की प्लेगात अख्खं गाव रानात राहायला गेलं होतं. प्लेग लक्षात राहिला कारण त्याला नायक होते, खलनायक होता, गोष्ट होती. मानमोडीला यातलं काही नव्हतं. तिच्यात फक्त घरं होती, आणि घरांनी लिहून ठेवलं नाही. कोविडचंही असंच होईल अशी मला भीती वाटते. मोठ्या माणसांची भाषणं आणि निर्णय राहतील, केकचे फोटो राहतील, आणि मधलं सगळं ‘कोरोनात गेले’ या दोन शब्दांत जमा होईल.

यावर आक्षेप घेतला जातो आणि तो मनापासून घेतला जातो. जखमेवरची खपली कशाला काढायची? माणूस विसरतो म्हणून जगतो. ज्या काकूंनी नवरा तसा गमावला त्यांना पुन्हा त्या रात्रीत नेण्याचा अधिकार कोणाला आहे? हा अधिकार कोणालाच नाही, हे मला मान्य आहे. ज्याला बोलायचं नाही त्याला छेडू नये. पण माझा अनुभव असा, की बहुतेकांना बोलायचं असतं आणि विचारणारं कोणी नसतं. काकूंना मी काकांबद्दल विचारलं नव्हतं. मी त्यांच्या कॅलेंडरबद्दल विचारलं. त्या उठून आत गेल्या आणि २०२१ चं कॅलेंडर घेऊन आल्या. त्यावर काकांच्या हस्ताक्षरात मे महिन्याच्या पानावर आंब्याच्या पेटीची मागणी लिहून ठेवलेली होती. मग त्या दोन तास बोलल्या. रडल्याही, पण बोलायच्या थांबल्या नाहीत. विसरणं वेगळं आणि गिळून बसणं वेगळं. आपण घरोघर जे करतो आहोत त्याला विसरणं म्हणता येणार नाही.

शिवाय घरातली आठवण घरातच कुजायला हवी असंही नाही. कोविडने हजारो बायका ऐन तरुणपणी एकट्या पडल्या. घर कोणाच्या नावावर, बँकेचं कर्ज कोणी फेडायचं, दिरांनी जमीन देऊ केली नाही तर जायचं कुठे, हे प्रश्न ज्या घरांनी बाहेर येऊन मांडले त्यांच्यामुळे हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कामाला बळ मिळालं आणि सरकारला मिशन वात्सल्य सुरू करावं लागलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. साथीने एवढ्या बायकांवर ती वेळ आणली नसती, तर तो ठराव कदाचित इतक्या लवकर झाला नसता. महिन्याभरात राज्य सरकारने त्याचा कित्ता गिरवा म्हणून सगळ्या ग्रामपंचायतींना कळवलं. घरातलं दुःख चारचौघांत बोललं गेलं की कायद्यापर्यंत जातं, आणि दाबून ठेवलं की पुढच्या बाईच्या वाट्याला तसंच्या तसं येतं.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. घरात २०२० आणि २०२१ ची कॅलेंडरं असतील तर रद्दीत देऊ नका. दवाखान्याची बिलं, रिपोर्ट, लसीची प्रमाणपत्रं, ई-पास, जे असेल ते एका फायलीत लावा. फोनमधले फोटो काढून त्यांच्या मागे तारीख लिहा आणि फोटोत जे नाहीत त्यांचीही नावं लिहा. आईला विचारा, सासूला विचारा, त्या वर्षी दहावीला असलेल्या मुलाला विचारा, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना खुर्ची देऊन समोर बसवा आणि त्यांना विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, सुधारू नका. गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव, तारीख, ठिकाण, शेवटचं बोलणं आणि सोबत कोण होतं, एवढं तरी लिहा. बायकांची नावं लिहा, ‘सपत्नीक’ लिहू नका. आजी-आजोबा अजून हयात असतील तर हे काम या सुट्टीतच करा.